वाजवणाऱ्याचं नाव

सोलापूर आणि जॅझ हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणारा आधी हसतो. सोलापूर म्हणजे चादर, टॉवेल, शेंगाचटणी, गड्ड्याची जत्रा. त्यात जॅझ कुठून आला? आमच्या नात्यात तर याला 'पिपाण्या' म्हणतात. "काकांच्या पिपाण्या सुरू झाल्या" असं म्हणून पुतणे दार लोटून घेतात. आता त्यातलाच एक पुतण्या परदेशात जाऊन बसलाय आणि तिथून विचारतोय, की काका, हे वेड तुम्हाला लागलं कसं, जरा लिहून काढा ना. तर त्याच्यासाठी, आणि इथे अधूनमधून डोकावणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी, हे लिहितोय. लेख जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात झाली शॉर्टवेव्हवर. आमच्या घरी मर्फीचा रेडिओ होता. तो सिलोनसाठी, म्हणजे बिनाका गीतमालेसाठी घेतलेला. रात्री उशिरा काटा थोडा इकडेतिकडे सरकवला की खरखरीतून 'व्हॉइस ऑफ अमेरिका' लागायचं. त्यावर विलिस कोनोव्हर नावाचा गृहस्थ जॅझचा कार्यक्रम करायचा. १९५५ साली सुरू झालेला हा कार्यक्रम त्याने जवळजवळ शेवटपर्यंत, म्हणजे १९९६ साली तो गेला तोपर्यंत चालवला. त्याची इंग्रजी फार संथ होती, शब्द न् शब्द सुटा. इंग्रजी ही ज्यांची भाषा नाही असे लोक ऐकताहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्यालाही तो कळायचा. गाणं वाजवण्याआधी किंवा नंतर तो सांगायचा, ट्रंपेटवर कोण, पियानोवर कोण, बासवर कोण, ड्रम्सवर कोण. मला संगीत आवडलं की नाही हे त्या वेळी सांगता आलं नसतं. पण ती नावांची यादी मात्र विलक्षण वाटायची. आमच्याकडच्या रेडिओवर गायक, संगीतकार, गीतकार आणि चित्रपट एवढं सांगून निवेदक मोकळा व्हायचा. मागे वाजवणाऱ्या माणसाचं नाव सांगतात हेच मला नवीन होतं.

पुढे मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात लागलो आणि तिथेच आयुष्य गेलं. पहिल्या काही पगारांतून वाचवून एचएमव्हीचा 'फिएस्टा' घेतला. तो पेटीसारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेअर, ज्यांच्या घरी होता त्यांना आठवत असेल. आणि मग सुरू झाली शोधाशोध.

रेकॉर्ड गोळा करणारा माणूस आणि भंगारवाला यांत फरक फक्त हेतूचा असतो. सोलापुरातला जुना बाजार, पुण्याचा जुना बाजार, मुंबईत सूत-रंगाच्या कामाला गेलो की चोरबाजाराची मटन स्ट्रीट आणि फोर्टातले फूटपाथ. पैसे असले तर काळा घोड्यापाशी ऱ्हिदम हाऊस. (ते दुकान २०१६ साली बंद झालं.) बाहेरच्या रेकॉर्डी आयात करणं तेव्हा सोपं नव्हतं, त्यामुळे जे मिळायचं ते एक तर कलकत्त्याच्या दमदम कारखान्यात छापलेलं, नाही तर कुणीतरी देश सोडून जाताना विकून टाकलेलं. दुसऱ्या प्रकारच्या रेकॉर्डींवर बहुधा पहिल्या मालकाचं नाव असायचं, पेनने नीट लिहिलेलं. कुणी गोवेकर, कुणी पारशी, कुणी अँग्लो-इंडियन. माणसं गेली, नावं तबकडीबरोबर भंगारात आली.

हा तबकडीचा इतिहासही आपल्याशी जोडलेला आहे बरं का. जुनी ७८ ची तबकडी प्लास्टिकची नव्हे, लाखेची. पळस, बोर, कुसुंब या झाडांवर लाखेचे किडे वाढतात आणि जगाला लागणारी बहुतेक लाख त्या काळी हिंदुस्थानातून, मुख्यतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जायची. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबायची. जॅझची पहिली समजली जाणारी रेकॉर्ड १९१७ साली अमेरिकेत निघाली. तिथल्या कारखान्यांना लाख जात होती ती इकडूनच. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा अडला तेव्हा १९४२ साली अमेरिकेला रेकॉर्ड-उत्पादनावर कपात लादावी लागली. म्हणजे जॅझ आपल्याकडे यायच्या आधी आपल्या झाडावरची लाख जॅझकडे पोचली होती. लाख गोळा करणाऱ्या माणसांची नावं अर्थातच कुठे नाहीत.

जॅझ प्रत्यक्ष मुंबईत वाजू लागला तो हॉटेलांतून. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बॅण्ड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यानंतर त्याच बॅण्डमधला ट्रंपेटवाला क्रिकेट स्मिथ, मग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. वेदरफोर्ड शिकागोत नाव कमावून, शांघाय गाजवून इकडे आलेला. तो १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. या लोकांना त्यांच्या देशात कित्येक हॉटेलांत पुढच्या दाराने शिरता येत नव्हतं. इथे ते ताजच्या नाचघरात वाजवत होते. अर्थात ऐकायला गोरे साहेब, राजेरजवाडे आणि पैसेवाले. गिरणगावातल्या माणसाला ताजच्या दारात तरी कोण उभं करणार होतं!

पण त्या बॅण्डांत शेजारी बसून शिकणारी माणसं गिरणगावापासून फार लांबची नव्हती. ती होती गोव्याची. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गावात पोटापाण्याची सोय नाही, मग ही मुलं ब्रिटिश हिंदुस्थानात यायची. कुणी बोटीवर, कुणी लष्करी बॅण्डात, कुणी हॉटेलात. बार्देशातल्या हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ हा त्यातलाच. मुंबईत त्याचं नाव झालं चिक चॉकलेट. लुई आर्मस्ट्राँगची ट्रंपेट आणि त्याची गाण्याची ढब त्याने इतकी आत्मसात केली होती, की त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. सांगे-केप्यापासून साष्टीपर्यंत अशी किती घरं असतील, ज्यांतला एक तरी मुलगा मुंबईच्या कुठल्यातरी बॅण्डात होता!

मग स्वातंत्र्य आलं, साहेब गेले, आणि मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतल्या रात्री ओस पडू लागल्या. वादकांना दुसरं काम हवं होतं, आणि ते काम दादर-परळ-अंधेरीच्या स्टुडिओंत तयार होतं. सिनेमाच्या संगीतकारांना आता मोठा वाद्यवृंद हवा होता. चाल सुचायची पेटीवर, पण तीस-चाळीस वादकांनी एकत्र वाजवायचं तर प्रत्येकासाठी कागदावर लिहून द्यावं लागतं. ते लिहिणार कोण? जो चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकला तो. म्हणून फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही मंडळी संगीत-संयोजनात आली. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी केलेलं काम आपण आयुष्यभर ऐकत आलो. 'हे सॅक्सोफोनचं तुकडं काय झकास आहे' असं म्हणतही आलो. कुणाचं म्हणून विचारलं नाही.

इथे एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. भावगीताच्या आणि गझलेच्या हळव्या चालींसाठी आपण त्यांना डोक्यावर घेतो, पण त्यांच्या अंगात एक खोडकर नाचरा माणूसही होता. १९४७ च्या 'शहनाई'त त्याची चुणूक दिसली आणि १९५१ च्या 'अलबेला'त तो मोकाट सुटला. चिक चॉकलेट त्यांचा जोडीदार होता. 'अलबेला' पुन्हा बघाल तेव्हा नुसतं भगवानदादांच्या पायांकडे बघू नका, मागे बॅण्ड वाजवणाऱ्यांकडे बघा. पडद्यावर ट्रंपेट घेऊन तो स्वतः दिसतो. १९५७ च्या 'आशा'तलं ते ईना-मीनावालं गाणं तर आमच्या सोलापुरात लग्नाच्या वरातीत बॅण्डवाले वाजवत. म्हणजे ज्या पुतण्यांना पिपाण्या नकोत, त्यांचे आईबाप याच पिपाण्यांवर नाचले होते!

आता माझा मुद्दा. माझ्याकडे 'अलबेला'च्या ७८ च्या तबकड्या आहेत. लेबलवर चित्रपटाचं नाव, गाणाऱ्यांची नावं, संगीतकाराचं नाव. चिक चॉकलेट कुठेच नाही. त्याच कपाटात शेजारी एखादी अमेरिकन एलपी आहे. ती उलटी केली की मागच्या बाजूला प्रत्येक वादकाचं नाव, त्याचं वाद्य आणि बऱ्याचदा ध्वनिमुद्रणाची तारीखसुद्धा. त्या देशात या वादकांना न्याय मिळत होता असं समजू नका. पैशाच्या बाबतीत त्यांना भरपूर लुबाडलं गेलं. पण नाव तरी छापलं. त्यामुळे साठ वर्षांनी सोलापुरातला एक माणूस सांगू शकतो, की अमुक दिवशी अमुक शहरात ड्रम्सवर कोण होतं. आपल्याकडच्या वादकाला रोजचे पैसे मिळाले, संध्याकाळी तो गाडी पकडून घरी गेला, आणि गाण्यातून नाहीसा झाला. अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. देशाला त्यांचं नाव ठाऊक झालं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे. तेही एका शिष्याने हट्टाने घातलं म्हणून. आणि ते नाव खऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना माहीत असतं?

मैफलींबद्दल पुतण्याने खास विचारलंय. सोलापुरात मी जॅझ ऐकला तो तबकड्यांवर. प्रत्यक्ष ऐकायचा तर मद्रास मेलने मुंबई गाठायची. माझ्या आधीच्या पिढीने मुंबईत मोठमोठे लोक ऐकले. १९५८ ला डेव्ह ब्रूबेक येऊन गेला आणि अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर बसून वाजवून गेला. १९६३ ला ड्यूक एलिंग्टन, १९६४ ला खुद्द लुई आर्मस्ट्राँग. हे दौरे अमेरिकन सरकार काढायचं. शीतयुद्धाचे दिवस, आपल्या देशाची छबी उजळ दिसावी म्हणून. ज्या वादकांना स्वतःच्या देशात समान वागणूक नव्हती, त्यांनाच देशाचे दूत म्हणून पाठवायचं, हा त्यातला विनोद त्या वादकांनाही कळत होताच. एलिंग्टनने या प्रवासावरून नंतर 'फार ईस्ट सूट' रचली. त्यात दिल्लीची साळुंकीसुद्धा आहे.

माझ्या वाट्याला आली ती १९७८ ची जॅझ यात्रा. निरंजन झवेरी नावाच्या जॅझवेड्या माणसाने आणि त्याच्या 'जॅझ इंडिया'च्या मित्रांनी फेब्रुवारीत मुंबईच्या रंगभवनात ती भरवली. पुढे दर दोन वर्षांनी ती भरत राहिली. 'यात्रा' हा शब्दच मला फार आवडला. आम्ही सोलापूरकर, यात्रा म्हटल्यावर थांबणार कसे! धोबीतलावचं ते उघड्यावरचं नाट्यगृह, वर आकाश, फेब्रुवारीची बेताची थंडी. आणि समोर सॉनी रॉलिन्स, टेनर सॅक्सोफोन घेऊन.

मी त्याच्या तबकड्या ऐकल्या होत्या, त्यामुळे काय वाजणार हे साधारण माहीत आहे असं वाटत होतं. पण तबकडीवर जे चार मिनिटांत संपतं, ते तिथे संपेचना. एक लहानशी ओळ घ्यायची, ती सरळ म्हणायची, मग तिचं शेपूट तोडायचं, मग तेवढ्या शेपटावरच खेळत बसायचं, मग ती उलटी करायची, आणि आता हा कुठे भरकटला म्हणेपर्यंत नेमका जागेवर परत. आपल्याकडे बढत करणाऱ्या गवयाने समेवर यावं आणि सगळ्यांच्या माना एकदम हलाव्यात, तसंच. माझ्या शेजारी एक म्हातारे गोवेकर बसले होते. डोळे मिटून, बोटं गुडघ्यावर. ती बोटं ट्रंपेटच्या तीन कळांसारखी हलत होती. मध्यंतरात मी विचारलं, तुम्ही वाजवता का? ते म्हणाले, "वाजवायचो. फिल्लमात." कुठली गाणी, असं विचारल्यावर हसले. "रोज दोन-तीन रेकॉर्डिंगं असायची बाबा. कागद पुढ्यात यायचा, वाजवायचा. कुठलं पिक्चर ते थेटरात गेल्यावर कळायचं. कधी तेही कळायचं नाही." मी त्यांचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलंही. इथे देत नाही, कारण घरच्यांची परवानगी घ्यायला कुणाकडे जावं हे ठाऊक नाही. माझ्या वहीत आहे.

रंगभवनातले कार्यक्रम पुढे आवाजाच्या नियमांमुळे बंद पडले. आजूबाजूला इस्पितळं आहेत, तेव्हा नियमही बरोबरच म्हणायचा.

आता कारखान्याकडे येतो, कारण नातेवाइकांना जॅझ समजावायची माझी पद्धत तिथलीच आहे. टर्किश टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एका बीमवरचे धागे कडक ताणलेले, ते टॉवेलचं अंग. दुसऱ्यावरचे ढिले सोडलेले. आडवे धागे दोन-तीन आले की फणी एकदम पुढे ठोकते, आणि ढिल्या धाग्यांचे फुगे वर येतात. हे फुगेच पाणी टिपतात. ताणलेला बीम नसेल तर ढिल्याचा नुसता गुंता होईल, आणि ढिला नसेल तर निघेल ते साधं कापड. जॅझमध्ये बास आणि ड्रम्स हा ताणलेला बीम, सॅक्सोफोन हा ढिला. एवढं सांगितल्यावर आमच्या बहिणीला एकदम कळलं. आवडलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आमच्याकडे एक जॉबर होते, तेलुगू बोलणारे पद्मशाली, मार्कंडेय मंदिरातल्या भजनात तबला धरणारे. वीज गेली की शेडमध्ये एकदम इतकी शांतता पसरायची की कान वाजायचे. अशा एका दुपारी मी ऑफिसात बॅटरीवरच्या टेपवर ब्रूबेकचं 'टेक फाइव्ह' लावलं होतं. ते दारात येऊन उभे राहिले, टेबलावर बोटांनी मोजलं आणि म्हणाले, "साहेब, पाचाचं आहे. झपतालाचा अर्धा." ही रचना पॉल डेझमंडची, १९५९ ची, आणि तिच्या पाच मात्रांचं अमेरिकेला केवढं अप्रूप झालं होतं! आमच्या जॉबरांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. वीज येईपर्यंत त्यांनी तीन वेळा ती लावायला लावली आणि तिसऱ्या वेळी जो मोरेलोच्या ड्रम्सबरोबर टेबलावर ठेका धरला. वीज आली, माग सुरू झाले, ते गेले.

त्या टॉवेलांवर कारखान्याचं लेबल लागायचं, परदेशी जाणाऱ्या मालावर तिकडच्या दुकानाचं. विणणाऱ्याचं नाव लागत नाही, लागणारही नाही. माग नंबर आणि पाळी एवढं चिठ्ठीवर असायचं, तेही माल तपासून झाला की केराच्या टोपलीत. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हाला सगळ्यांना आनंद झाला. गावाचं नाव लागलं हेही थोडं नाही. पण ज्या हातांमुळे लागलं ते हात त्यात नाहीत. कपाटातल्या 'अलबेला'च्या लेबलकडे बघताना मला नेहमी हा टॉवेल आठवतो.

हल्ली एक नवीन गंमत झाली आहे. धोट्याच्या मागांच्या आवाजात इतकी वर्षं काढल्यावर कान जायचेच. आणि ते जातात ते वरच्या बाजूने. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला, चार हजार हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा. त्याचा अर्थ असा, की ड्रम्सवरची झांज, जी जॅझमध्ये अखंड चालू असते, ती मला आता जवळपास ऐकू येत नाही. बास स्वच्छ ऐकू येतो. ट्रंपेटही येते. झांज मी आठवणीने भरतो. ओळखीच्या रेकॉर्डींत ती बरोबर भरली जाते, नवीन ऐकतो त्यात जागा रिकामी राहते. म्हणून सध्या जुन्याच ऐकतो.

आणि त्यापेक्षा जास्त वेळ एका दुसऱ्या कामात जातो. पाकिटांवर नावं लिहितोय. अलीकडच्या काळात या विसरलेल्या वादकांवर चांगलं काम झालंय. ग्रेगरी बूथ यांचं सिनेमाच्या वादकांवरचं पुस्तक २००८ मध्ये आलं, नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' २०१२ मध्ये. लोर्ना आणि ख्रिस पेरी यांच्या काळावरचा 'नाचुंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट २०१४ चा. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या रेकॉर्ड संग्राहकांच्या सोसायटीने आमच्यासारख्या गावोगावच्या वेड्यांना एकत्र आणलं, सोलापुरातलेही त्यात आले. या सगळ्यांतून जे पक्कं कळलं ते मी त्या त्या तबकडीच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवतो. संयोजन कोणाचं, ट्रंपेट कोणाची. वहीतल्या त्या म्हाताऱ्या गोवेकरांचं नाव मात्र कुठल्या पाकिटावर लिहावं हे ठरत नाही, कारण त्यांनाच आठवत नव्हतं. त्यांच्यासाठी एक कोरं पाकीट वेगळं ठेवलंय.

पुतण्या, तू विचारलंस म्हणून सांगतो. माझ्यामागे या रेकॉर्डी कुणाला हव्या असतील तर खुशाल न्याव्यात, विकाव्यात, मला काही वाटणार नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात एलपी वाकतात, तेव्हा त्या उभ्याच ठेवायच्या, पत्र्याच्या खोलीत ठेवायच्या नाहीत. आणि पाकिटं टाकायची नाहीत. तबकडी एक वेळ दुसरी मिळेल.

असो. बराच लांबला लेख. 'अलबेला' सापडला तर या आठवड्यात बघा, आणि मागच्या रांगेकडे लक्ष ठेवा.